कलर गार्डच्या प्रशिक्षणावर घर चालते का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आमची अकरावीतील मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडबरोबर असणाऱ्या कलर गार्डमध्ये ध्वज, लाकडी रायफल आणि सेबर (तलवार) घेऊन नृत्य करते. पुढे याच कलेची प्रशिक्षक किंवा रचनाकार होण्याचा तिचा निश्चय आहे. त्यावर पोट भरता येईल का?
– एक आई

उत्तर : भरता येईल, मात्र केवळ एका शाळेच्या मानधनावर ते क्वचितच साधते. या क्षेत्रातील माणसाचे वर्ष हंगामांत विभागलेले असते : उन्हाळ्याच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत मैदानावरचा मार्चिंग बँड, त्यानंतर एप्रिलपर्यंत बंदिस्त क्रीडागृहात, बँडशिवाय होणारा कलर गार्ड म्हणजे विंटर गार्ड, ज्याची सर्वोच्च स्पर्धा ओहायोतील डेटन येथे भरते, आणि मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत देशभर फिरणारे ड्रम कोर, म्हणजे पितळी वाद्ये, ढोल आणि कलर गार्ड असलेली तरुणांची पथके. प्रत्येक हंगामाचे मानधन बहुधा एकरकमी ठरते, त्यामुळे संध्याकाळच्या तालमी, शनिवारच्या स्पर्धा आणि बसचा प्रवास हे सारे त्यातच धरलेले असते. अनेक शाळांत ही रक्कम बँडसाठी निधी जमवणाऱ्या पालकांच्या बूस्टर क्लबकडून येते आणि क्लबची वर्गणी घटली की तिला कात्री लागते. म्हणून किती तास, किती स्पर्धा आणि पैसे केव्हा, हे कामाला लागण्यापूर्वीच लेखी घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

प्रशिक्षण आणि रचना यांचे अर्थकारण निराळे आहे, हे मुलीने आताच ओळखावे. प्रशिक्षकाला एका संध्याकाळी एकाच शाळेत उभे राहता येते, म्हणून तिच्या कमाईला वेळेचीच मर्यादा पडते. रचनाकार मात्र शोची कल्पना, संगीताची निवड, हालचाली, ध्वजांचे रंग आणि कापड, जमिनीवर अंथरायच्या आच्छादनाचे चित्र अशी कामे एकाच वेळी अनेक शाळांसाठी, घरी बसूनही करू शकते. अडचण एवढीच की रचनेचे काम नावावर मिळते आणि नाव होण्यासाठी आधी काही वर्षे मुलांना शिकवावे लागते. नवख्या मुलांच्या हातून कोणती फेक पडते आणि कोणती झेलली जाते, हे ज्याने जवळून पाहिलेले नाही, त्याची रचना कागदावर सुंदर दिसते आणि मैदानावर कोलमडते.

खर्चाची बाजूही ध्यानात घ्यावी. ड्रम कोरमध्ये कलाकार म्हणून वयाच्या साधारण 22 व्या वर्षापर्यंतच राहता येते आणि तेथे पैसे मिळत नाहीत, उलट एका उन्हाळ्यासाठी काही हजार डॉलर शुल्क भरावे लागते. तरीही पुढच्या कामांच्या ओळखी तेथेच होतात, म्हणून परवडत असेल तर एखादा उन्हाळा तिला द्यावा. बहुतेक प्रशिक्षक कंत्राटी असतात, त्यामुळे आयकराखेरीज सुमारे 15.3 टक्के स्वयंरोजगार कर त्यांनाच भरावा लागतो आणि आरोग्यविमाही मिळत नाही. आपल्या विम्यात तिला 26 व्या वर्षापर्यंत ठेवता येते, हा आधार मोठा आहे.

आपल्या कुटुंबाचा व्हिसा कोणता, हे पत्रात नाही. मुलगी एच-4 वर, म्हणजे एच-1बीसारख्या कामाच्या व्हिसावरील पालकाची अवलंबित म्हणून असेल तर तिला मानधन घेऊन काम करण्याची परवानगी नाही आणि 21 व्या वर्षी तो दर्जाही संपतो, म्हणून हा विचार सर्वांत आधी वकिलाबरोबर करावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की तिने नृत्य किंवा संगीतशिक्षणाची पदवी आणि टेक्सासचे अध्यापन प्रमाणपत्र घ्यावे. तेथील काही शाळा-जिल्ह्यांत कलर गार्डसाठी पूर्णवेळ पद असते, काही ठिकाणी नृत्यशिक्षिकेकडेच गार्डची जबाबदारी सोपवतात. अशा पदाचा पगार, विमा आणि निवृत्तिवेतन हाताशी असले की रचनेची कामे निवडून घेता येतात, आणि पैशांसाठी वाईट अटी मान्य कराव्या लागत नाहीत. तोवर शाळेच्या बँड डायरेक्टरना विचारून नव्या मुलींना ध्वज शिकवण्याचे काम तिने मागावे आणि पुढच्या शोमधील निदान एक लहान ध्वजप्रवेश स्वतः रचून दाखवावा.