दंगल चालू असताना माहिती कोणाकडून घ्यावी आणि प्रशासनाने किती सांगावी?

शहरात दंगल किंवा हल्ला चालू असताना सामान्य माणसाने माहिती कोणाकडून घ्यावी आणि प्रशासनाने लोकांना किती सांगावे, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर कागदावर लिहून ठेवावा, आकाशवाणी लावावी आणि डोळ्यांसमोर काही घडत असेल तरच ११२ ला फोन करावा. दुसऱ्या प्रश्नावरून मात्र माझा आणि माझ्या दिरांचा जुना वाद आहे.

दीर पोलीस खात्यातून निवृत्त झाले. ‘वहिनी, जितकं जास्त सांगाल तितके लोक जास्त बिथरतात,’ हे त्यांचे ठाम मत. मला ते साफ चुकीचे वाटते. मे २०१८ मध्ये मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज भागांत जाळपोळ झाल्यानंतर आमच्या शहरात (तेव्हाचे औरंगाबाद) जमावबंदी होती आणि इंटरनेट बंद होते. सकाळीच गल्लीत बातमी आली की जलकुंभात विष कालवले आहे. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथे बायकांनी भरलेले ड्रम आणि हंडे नालीत ओतले. शेजारच्या सूनबाईंनी तान्ह्या लेकरासाठी उकळून ठेवलेले पाणीसुद्धा फेकून दिले. मी संबंधित कार्यालयात फोन केला, तर ‘वरून सूचना आल्याशिवाय सांगता येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. खुलासा निघाला तो दुपारी आणि तोही व्हॉट्सॲपवर, जे कोणालाच उघडता येत नव्हते.

त्याआधीच मी पाणी सोडण्याचे काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला साधा फोन लावला होता. ‘बाई, मी आत्ता त्याच टाकीचं पाणी पिऊन खाली उतरलोय,’ असे त्याने सांगितले. पिठाच्या गिरणीबाहेर दळणाचे दर लिहिण्याचा फळा होता. पाणी चांगले आहे, हे कोणी सांगितले, किती वाजता सांगितले आणि पुढची खबर बारा वाजता इथेच मिळेल, असे मी त्यावर खडूने लिहिले. इमामसाहेबांनी तोच मजकूर भोंग्यावरून वाचून दाखवला आणि ड्रम ओतणे थांबले. बारा वाजता नवीन काही कळले नव्हते. तरी मी जाऊन ‘नवीन काही नाही’ असे लिहून आले, कारण लोक फळ्यापाशी येऊन थांबले होते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. ते बळी अफवेचे होते, जास्त माहितीचे नव्हते.

दिरांचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. पोलीस कुठे उभे आहेत, कोण कुठे लपले आहे, हे कधीही सांगू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण पाहून अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते, आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना खडसावले. २०१५ पासून केबल टीव्हीच्या नियमांनुसार दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत वाहिन्यांना थेट प्रक्षेपण करता येत नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक वेळाने दिलेली माहितीच दाखवता येते. दीर हा नियम नेहमी पुढे करतात, पण ठरावीक वेळाने माहिती द्यावी हे त्यातही गृहीत धरले आहे.

इंटरनेटबंदीचा आदेश प्रसिद्ध करणे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून बंधनकारक आहे. खुलासे कुठे आणि किती वाजता मिळतील, ही एक ओळ त्याच आदेशाखाली छापावी आणि ती गल्लोगल्ली भोंग्यावरून वाचावी, एवढीच माझी मागणी आहे.