वैराग्य म्हंजे घर सोडनं नाही बावा

भाऊ, वैराग्यासाठी वावर, बायकोपोरं सोडा लागन काय असं इचारलं तू, तर आधी तो भगव्या कपड्याचा फोटो डोक्यातून काढ. 'वैराग्य' म्हंजे राग नसनं, पन या शब्दातला राग म्हंजे आपलं चिडनं नाही, पतंजली योगसूत्रात 2.7 ले (दुसऱ्या पादातलं सातवं सूत्र) सांगते का सुखाच्या मागं लागून येते तो राग. अन् 1.15 मधी वैराग्य सांगताना शब्द हाय 'वितृष्ण', तहान नसलेला, मंग ती डोयानं पाह्यलेल्या गोष्टीची असो का निस्ती ऐकलेली, स्वर्ग-बिर्ग धरून (हे लोकं इसरतेच).

मी सुरुवातीले जोशात चहा बंद केला अन् दिवसभर डोक्यात चहाच, बायको म्हने प्या एक कप, निदान मानसात तरी या. बरोबरच होतं तिचं.

कापसाची गाडी यार्डात उभी असते अन् भाव पडला का पोटात खड्डा पडते ना, तो खड्डाच पाहत बस, भाव इचारनं बंद करू नको. अन् 1.12 मधी अभ्यास (म्हंजे मन थाऱ्यावर ठेवाचा सराव) अन् वैराग्य संगच सांगतले, एका बैलावर वखर चालते काय? सध्या डवरनीले जायच्या आधी वीस मिनटं त्या अभ्यासाले बस, बाकीचं दिवाळीनंतर बोलू.