हेम्पची डबी उलटी करून वाचा

भांगेच्या झाडापासून केलेली क्रीम, तेलं आणि मलमं यांच्याबद्दल सीमाभागातून बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. बाकीच्या पत्रांतले प्रश्न थोड्याफार फरकाने हेच आहेत.

दुकानात 'हेम्प' लिहिलेलं क्रीम घेतलं. दुकानदार म्हणाला, 'हेम्प म्हणजे आपली अंबाडीच की ओ.' शेजारच्या काकू म्हणतात, गांजा आहे तो, घरात ठेवू नका. कोणाचं खरं धरायचं? (येळ्ळूर)

दोघांचंही नाही. घोटाळा इंग्रजी नावाने केलाय. वाखाचा धागा देणाऱ्या कितीतरी झाडांना इंग्रजीत 'हेम्प' हे नाव चिकटलं. ताग म्हणजे 'सन हेम्प', अंबाडी म्हणजे 'डेक्कन हेम्प'. अंबाडीचं तर शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस' आहे, कारण तिचं पान भांगेच्या पानासारखं पंजाच्या आकारात फाटलेलं आणि कडेने दातेरी असतं. नातं मात्र काहीच नाही. अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. बेळगावच्या भाजीबाजारात पुंडी म्हणून जी जुडी मिळते तिचं पान चावा, आंबट लागेल. फूल पिवळसर आणि आत गडद लाल ठिपका. तुमच्या डबीत ही अंबाडी नाही.

डबीत आहे ते 'कॅनाबिस सटायवा', म्हणजे भांगेचंच झाड. पण झाडाचा कुठला भाग वापरलाय यावर सगळं अवलंबून. मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, त्यांची राळ म्हणजे चरस. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत या दोन गोष्टी येतात. फुलोरे सोबत नसतील तर बी आणि पानं त्या व्याख्येबाहेर राहतात. पानांचा, म्हणजे भांगेचा, कारभार राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे आहे. बियांत नशेचा घटक मुळात नसतोच. सालीला राळ चिकटून आली तर अंशमात्र सापडतो. २०२१ साली देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे बी आणि त्याचं तेल खाण्यासाठीसुद्धा मान्य केलं आणि तेलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको अशी मर्यादा घातली.

आता डबी उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. 'कॅनाबिस सटायवा सीड ऑइल' असेल तर ते बियांचं तेल. करडई किंवा जवसाच्या तेलाचं भावंडच म्हणा. 'लीफ एक्स्ट्रॅक्ट', 'विजया' किंवा 'कॅनाबिडिऑल' असेल तर तो पानांचा अर्क किंवा त्यातलं सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, झाडातला नशा न आणणारा घटक. अशी डबी आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनलेली असायला हवी. तिच्यावर तसे शब्द, परवाना क्रमांक आणि 'फक्त बाह्य वापरासाठी' ही सूचना पाहिजे. यादीत बियांचं तेल अगदी शेवटी, सुगंधाच्या आसपास असेल, तर पैसे झाकणावरच्या हिरव्या पानाच्या चित्राला गेले असं समजा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावतात. काकूंना सांगा, बियांच्या तेलाचं क्रीम घरात ठेवायला हरकत नाही.

दोन मलमं बघितली. एकावर ३० मिलि, ३०० मिलिग्रॅम, ९०० रुपये. दुसऱ्यावर ५० ग्रॅम, १५० मिलिग्रॅम, ६०० रुपये. मोठी डबी स्वस्त पडते ना? (चिकोडी)

पडत नाही. मिलिग्रॅमला मिलिने भागा. पहिल्यात दर मिलिला १० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १ टक्का. दुसऱ्यात दर ग्रॅमला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ टक्का. आता रुपयांना मिलिग्रॅमने भागा. पहिलं मिलिग्रॅमला ३ रुपये, दुसरं ४. मोठी डबी महाग ठरली.

पण हा हिशोब करायच्या आधी ते मिलिग्रॅम नेमके कशाचे आहेत ते बघा. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पुढे ठळक अक्षरांत 'हेम्प १००० मिलिग्रॅम' लिहितात, आणि ते वजन निघतं बियांच्या तेलाचं. म्हणजे एक ग्रॅम तेल, चमच्याच्या तळाला जेमतेम दिसेल एवढं, आणि सीबीडी शून्य. 'सीबीडी' किंवा 'कॅनाबिडिऑल' या शब्दाला लागून आकडा असेल तरच तो धरा. 'फुल स्पेक्ट्रम'मध्ये अर्कातले सगळे घटक असतात, थोडा टीएचसीसुद्धा. 'ब्रॉड स्पेक्ट्रम'मधून टीएचसी काढलेला असतो. 'आयसोलेट' म्हणजे निव्वळ सीबीडी.

महागडं मलम घेताना प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागा. अहवालावरचा बॅच क्रमांक आणि डबीच्या तळाचा क्रमांक एकच असला पाहिजे. नमुन्यादाखल एकच जुना अहवाल सगळ्या बॅचना दाखवत असतील तर तो कागद रद्दीत गेला तरी चालेल. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे ना, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा तपासलाय ना, हेही बघा. हे झाड जमिनीतले जड धातू चांगलेच ओढून घेतं, म्हणून ही तपासणी इथे नुसती औपचारिकता नाही.

आणि डबी किती दिवस पुरेल? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. तेवढ्यात दोन तळव्यांएवढी जागा माखून होते. एका गुडघ्याला दिवसातून दोनदा लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाते. दोन्ही गुडघ्यांना, पंधरा दिवस.

मी विड्या वळते. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, थंडीत रक्त येतं. हेम्पच्या क्रीमनं बरं होईल काय? (निपाणी)

ताई, नुसत्या क्रीमने नाही होणार. तंबाखूची भुकटी आणि सुका पाला दिवसभर कातडीवरचं तेल ओढून घेतात, त्यात वारंवार साबण. आधी तेल परत द्यायचं. काम संपलं की कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हात धुवा, पुसताना थोडा ओलावा राहू द्या आणि तीन मिनिटांच्या आत साधी पेट्रोलियम जेली लावा. रात्री जास्त लावा आणि वर सुती हातमोजे घाला. जुने मोजेही चालतील. पंधरा दिवस हे नेमाने केलं तर फरक दिसेल.

बियांच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं. कातडीचा वरचा संरक्षक थर धरून ठेवायला ते लागतंच. पण आपल्या भागातल्या करडईच्या घाण्याच्या तेलात ते त्याहूनही जास्त असतं आणि किलोचा भाव हेम्पच्या छोट्या बाटलीहून कमी. हेम्पमध्ये भर पडते ती ओमेगा-३ ची आणि थोड्या गॅमा-लिनोलेनिक आम्लाची. हातांसाठी तेवढ्याकरता जास्त पैसे मोजावेत असं आम्हाला वाटत नाही.

चिरांसोबत खाज आणि बारीक पाण्याचे फोड असतील, किंवा सुट्टीत बरं होऊन कामावर गेलं की परत उठत असेल, तर ती तंबाखूची ॲलर्जी असू शकते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय आणून लावू नका. चार दिवस झकास वाटतं आणि नंतर कातडी कागदासारखी पातळ होते.

तालमीत गुडघ्याला सीबीडीचा बाम लावतो. राज्याच्या कुस्त्यांत डोपिंगमध्ये सापडीन काय? (बेळगाव तालुका)

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलंय. टीएचसी मात्र स्पर्धेच्या काळात बंदच आहे, आणि त्यासोबत झाडातले बाकीचे घटकही. 'स्पर्धेचा काळ' आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. लघवीत टीएचसीच्या अवशेषाची मर्यादा मिलिलीटरला १५० नॅनोग्रॅम. कातडीतून रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे बामाने सापडण्याची शक्यता कमी. पण 'फुल स्पेक्ट्रम' बाम वापरू नका. शरीरात काय सापडलं त्याला जबाबदार पैलवान. 'वस्तादांनी दिलं' हे उत्तर चालत नाही.

आणखी एक गोष्ट. बाम लावल्यावर दोन मिनिटांत जो गारवा येतो तो सीबीडीचा नाही. तो मेंथॉलचा किंवा कापराचा. मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतो आणि दुखणं मागे पडल्यासारखं वाटतं. सीबीडीला चरबी आवडते, म्हणून ते कातडीच्या वरच्या थरातच अडकून राहतं. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत ते कसं पोचेल? यादीत मेंथॉल आणि गंधपुरा (विंटरग्रीन) तेल असेल तर दहा पटींनी स्वस्त बामही हेच काम करतो. मात्र घरात कुणी वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर त्यांनी गंधपुऱ्याचा बाम चोळत बसू नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मुलीला मुरुमं आहेत. सीबीडी सीरम घेऊ का? (बेळगाव)

२०१४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या तेलग्रंथींच्या पेशींवर सीबीडीने तेल कमी झाल्याचं दिसलं. जाहिरातींचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि मुलीचा चेहरा वेगळा. डॉक्टरांच्या सल्ल्याने बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडापॅलीन सुरू करा. पैसेही वाचतील.

मळ्याच्या बांधाला भांगेची रोपं उगवतात. पानं खोबरेलात उकळून मलम करता येईल? (खानापूर)

नको. भांगेचं झाड परवान्याशिवाय लावणं हा १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते. आपोआप उगवलेलंही उपटून टाका. शिवाय ओल्या पानातलं पाणी तेलात राहतं आणि आठ-दहा दिवसांत बुरशी धरते. अर्कात काय उतरलं, किती उतरलं, तेही कळत नाही.

हात घालायचाच असेल तर विकतच्या बियांच्या तेलाचं मलम करा. मधमाशांचं पिवळं मेण २० ग्रॅम, खोबरेल ४० ग्रॅम, हेम्पच्या बियांचं तेल ४० ग्रॅम, व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम. पातेल्यात पाणी गरम करा आणि त्यात स्टीलची वाटी ठेवून मेण आणि खोबरेल वितळवा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाण्याला खळखळून उकळी नको. वाटी उतरवा, जरा थांबा, मग हेम्पचं तेल आणि व्हिटॅमिन ई घाला. हे तेल उकळत ठेवलं तर लवकर खराब होतं, म्हणून ते शेवटी. फ्रिजमधून काढलेलं थंड तेल एकदम ओतलं की मेणाच्या गुठळ्या होतात आणि मलम रवाळ लागतं. तसं झालं तर सगळं परत वितळवा. चमचाभर थंड ताटलीवर टाकून बघा. खोबरेल २४ अंशांनाच पातळ होतं, त्यामुळे अथणी, रायबागकडे उन्हाळ्यासाठी करत असाल तर मेण २५ ग्रॅम आणि खोबरेल ३५ घ्या. वाटी, चमचा आणि डबी अगदी कोरड्या हव्यात. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, बुरशीला मात्र ते रोखत नाही.

कुठलंही नवं मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. लाली किंवा खाज आली नाही तरच पुढे जा.

कोल्हापूरहून आणलेली डबी कोगनोळी नाक्यावर धरतील का? आणि मुलगा दुबईला असतो, त्याला पाठवू का? (संकेश्वर)

अमली पदार्थांचा केंद्राचा कायदा नाक्याच्या दोन्ही बाजूंना, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, सारखाच. बियांच्या तेलाची सीलबंद, बिलासकट डबी असेल तर काळजी नको. पानांच्या अर्काचं मलम असेल तर वैद्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. दुबईला मात्र काही पाठवू नका. अमिरातीत सीबीडी असलेलं मलम बाळगणंही गुन्हा आहे, भारतातली चिठ्ठी तिथे उपयोगी पडत नाही. बियांच्या तेलाची डबीसुद्धा नको, कारण विमानतळावरचा माणूस आधी झाकणावरचं पान बघतो, मागची यादी नंतर.