सोलोचे क्रिस संग्रहालय पाहायला एक दिवस द्यावा का?

आपला प्रश्न असा आहे, की इंडोनेशियातील जावा बेटावर योग्यकर्त्याला चार दिवस मुक्काम असताना जवळच्या सोलो शहरातील क्रिसांचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक खंजिरांचे, संग्रहालय पाहायला जावे, की ‘शेवटी सगळे खंजीर सारखेच’ म्हणून सोडून द्यावे. जावे, हे माझे उत्तर आहे. पण ‘सगळे सारखेच’ हे शब्द मी आमच्या भावोजींच्या तोंडून इतकी वर्षे ऐकत आलो आहे, की एवढ्यावर थांबणे मला शक्य नाही.

माझा थोरला भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्याने सुराबायाहून आणलेला एक क्रिस आमच्या दिवाणखान्यात टांगलेला असे. पाते काळपट होते आणि त्यावर रुपेरी ठिपके विखुरलेले होते. एका खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी तो खाली काढला, तेव्हा भावोजींनी ‘गंज चढलाय’ असे म्हणून त्याला आधी चिंच लावली आणि मग पॉलिश पेपरने तो असा घासला, की तासाभरात त्याचे उलथने झाले. भावाने रात्री ते पाते हातात घेऊन पाहिले आणि काही न बोलता म्यानात घातले. तो काळा रंग मुद्दाम दिलेला असणार, असे मी म्हणत राहिलो. ती घाण होती, असे भावोजी म्हणत राहिले.

या वादाचा निकाल मला सोलोत मिळाला. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या हस्ते २०१७ साली उद्घाटन झालेल्या तेथील ‘म्युझियम केरिस नुसंतारा’मध्ये एका काचेमागे अगदी आमच्यासारखेच पाते होते. त्या ठिपक्यांच्या नक्षीला ‘बेरास वुताह’, म्हणजे सांडलेले तांदूळ, असे नाव आहे. साधे लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड यांचे थर एकमेकांवर घडी घालून ठोकतात. घडवून झाल्यावर लिंबाचा रस आणि सोमल (आर्सेनिक) यांची प्रक्रिया केली, की साधे लोखंड काळे पडते, निकेलचा थर पांढरा राहतो आणि नक्षी उमटते. या नक्षीला ‘पामोर’ म्हणतात. सोलोच्या राजवाड्यातील कारागिरांनी त्यासाठी प्रंबाननजवळ सापडलेल्या उल्केचे लोखंडही वापरले आहे. मी तिथूनच भावोजींना फोटो पाठवला. ‘काचेमुळे काळे दिसत असेल’, असे उत्तर आले.

पात्याची वळणे आतडी फाडण्यासाठी असतात, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. मग तितक्याच मानाच्या सरळ पात्यांच्या क्रिसांचे काय करायचे? वळणांना ‘लुक’ म्हणतात आणि त्यांची संख्या नेहमी विषम असते. मुठीकडून टोकाकडे, एकदा या बाजूचे आणि एकदा त्या बाजूचे वळण मोजत गेल्यास आपल्यालाही पडताळून पाहता येईल. ‘नागसास्रा’ या घाटात पात्यावर नाग कोरलेला असतो, आणि त्या नावातले ‘सास्रा’ म्हणजे आपले ‘सहस्र’ हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात गेलेल्या एका जुन्या क्रिसावर रामायणातील प्रसंग आहेत आणि वर्ष शके १२६४ असे आहे, म्हणजे इसवी सन १३४२. आपल्या पंचांगात छापतात तोच हा शक.

योग्यकर्त्याहून सोलो लोकल गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे आणि संग्रहालयाला अर्धा दिवस पुरतो. वेळ अगदीच नसेल, तर योग्यकर्त्यातच सोनोबुदोयो संग्रहालयात क्रिसांचा चांगला संग्रह आहे. लहान मुले मात्र अशा ठिकाणी लवकर कंटाळतात, हे आधीच लक्षात घ्यावे.

एक गोष्ट भावोजींच्या बाजूने सांगितली पाहिजे. जावातही सुरो या तिथल्या पंचांगातील पहिल्या महिन्यात क्रिस विधिपूर्वक धुतात आणि त्यासाठी लिंबाचा रसही वापरतात, त्यामुळे चिंचेचा दोष मी फारसा धरत नाही. पण त्यानंतर तेथील जाणकार पात्याला पुन्हा सोमल लावतात, आणि पॉलिश पेपर कोणीही लावत नाही. सोमल विषारी असल्यामुळे हा प्रयोग घरी करू नये. थर पात्याच्या आतपर्यंत असल्याने आमच्या क्रिसावर नक्षी पुन्हा उमटू शकेल, मात्र त्यासाठी तो जावाला न्यावा लागेल. त्या प्रवासाचा खर्च कोणी करायचा, हे मी भावोजींना लेखी कळवले आहे.