आमचं वडगाव नक्की कुठलं?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं आडनाव वडगावकर, चार पिढ्या सोलापुरात. आजोबा (शाळेच्या दाखल्यावर जन्म १९२९) सांगायचे की त्यांचे आजोबा मोठ्या दुष्काळात गाव सोडून निघाले, आधी तुळजापूरकडच्या एका खेड्यात राहिले आणि मग सोलापुरात गिरणीत लागले. कुठलं वडगाव हे आजोबांनाही माहीत नव्हतं. काका ठासून सांगतात आपण मूळचे राजस्थानचे. कुलदैवत खंडोबा, आजी भंडारा उधळताना कायम 'पालीच्या खंडोबाचा येळकोट' म्हणायची. ट्रंकेत एक मोडी कागद सापडला, ओळखीच्या सरांनी वाचून दिला, जमिनीचं काहीतरी आहे आणि 'सन १३११' लिहिलंय. म्हणजे कागद यादवांच्या काळातला का? घरात यावरून रोज वाद. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी कागदाचं बघू. तो यादवांचा नाही हो. तुळजापूरचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथं महसुलाचे व्यवहार फसली सालात लिहायचे. फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, म्हणजे तुमचा कागद १९०१-०२ चा. सरांना एकदा परत विचारा, सनाच्या आगेमागे 'फसली' शब्द आहे का, कारण मोडीत तो घाईघाईत लिहिलेला असला की सहज सुटतो. कागद सातशे वर्षं जुना नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, उलट तुमच्या हातात फार मोठी गोष्ट आहे, त्या वर्षी तुमचा माणूस तुळजापूरकडच्या त्या खेड्यात होता याचा हा पुरावा आहे.

आता दुष्काळ. 'मोठा दुष्काळ' म्हटलं की सगळे १८७६-७७ चा धरतात. पण आजोबा १९२९ चे, दोन पिढ्या मागं गेलं की त्यांच्या आजोबांचा जन्म साधारण १८७५ च्या आसपास येतो, मग ७६ साली ते तान्हं बाळ असणार. घर सोडून निघालेला कर्ता माणूस म्हणायचा तर १८९६-९७ नाहीतर १८९९-१९०० चा दुष्काळ जास्त जुळतो, आणि १९०१-०२ चा कागद त्याच्या पाठोपाठच येतो बघा. अर्थात हा अंदाज आहे, तान्ह्या पोराला पाठीशी बांधून त्यांचे वडील निघाले असतील तर ७६ साल पण बसतं. दोन्ही शक्यता वहीत लिहून ठेवा.

वडगाव मात्र अवघड आहे, महाराष्ट्रात वडगावं किती ते मोजत बसू नये. इथं तुम्हाला आजी वाचवतेय. तुमचं घराणं मूळचं तुळजापूर भागातलंच असतं तर आजीच्या तोंडी अणदूर-नळदुर्गचा खंडोबा असता, तो तर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि पुण्याकडचं असतं तर जेजुरी आली असती. ती पालीचं नाव घेते. हे पाली म्हणजे कराड तालुक्यातलं पाल, तारळी नदीकाठचं, जिथं पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. म्हणजे शोध सातारा-कराड बाजूला न्यायचा. तिथं कराड तालुक्यात वडगाव हवेली आहे, खटाव तालुक्यात वडगाव जयराम स्वामी आहे, अजूनही असतील. माझं मन खटावकडं झुकतं कारण माण-खटाव हा कायमचा दुष्काळी पट्टा, पण मन झुकणं म्हणजे पुरावा नाही, तेव्हा दोन्हीकडं चौकशी करा.

मला इतक्या वर्षांत एक कळलंय की घराण्याची गोष्ट प्रत्येक पिढीत थोडी मोठी होते, पण कुळाचार सहसा तसाच राहतो. आमच्याच घरी सगळे म्हणायचे आपण सरदार घराण्यातले, मी नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वहीत बघितलं तर खापरपणजोबांच्या नावापुढं शेतकरी लिहिलेलं, खाली त्यांच्या हाताचा अंगठा. त्या अंगठ्यावर मी बोट ठेवलं आणि रडले, सरदार नसल्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

तर आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना गाठा, पुरुषांच्या आधी. आपण सगळे बापाच्या बाजूनंच शोधत बसतो आणि तिथंच अडकतो. खापरपणजीचं माहेर कुठलं, लग्नात देवक कुठलं बसवतात, नवरात्रात काय करतात, सुतक कुणाकुणाचं धरायचे (वेगळ्या आडनावाच्या घराचं धरत असतील तर ते तुमचे भाऊबंद, कारण आडनाव शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलं तेच पुढं चालू झालेली कितीतरी घरं आहेत). जात्यावरच्या ओव्या कुणाला येत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, ओवीत माहेरच्या गावाचं, नदीचं, देवाचं नाव हमखास येतं.

मग वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथं उपाध्यांकडं गावं आणि आडनावं वाटलेली असतात. तुम्ही वडगावकर म्हणून विचारलंत तर कदाचित काहीच निघणार नाही, कारण वडगावात कुणी वडगावकर नसतो, हे नाव गाव सोडल्यावर पडतं! तेव्हा गाव, जात, कुलदैवत आणि आजोबांच्या आजोबांचं नाव सांगून विचारा. शिवाय सातारा-कराड बाजूला हेळवी येतात, बैल घेऊन, पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी त्यांच्या वहीत असतात, वाचून दाखवतात आणि धान्य-कपडा घेऊन जातात. वडगावातल्या जुन्या घरी विचारा हेळवी कधी येतो, काही वर्षांनी एकदाच फिरकतो, पण सोडू नका त्याला.

सरकारी दप्तरात तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मागा, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, जुन्या मोडीत. तुळजापूरकडचे कागद उर्दूत पण निघतील, तेव्हा वाचणारा सोबत ठेवा. फेरफार आणि शाळेचं जनरल रजिस्टर पण बघा. वडगावच्या जुन्या कागदात कुणाच्या नावापुढं 'परागंदा' दिसलं तर तिथं थांबा, गाव सोडून गेलेल्याला तसं लिहायचे. नक्कल घेताना पान नंबर टिपा, नाहीतर वर्षभरानं तुम्हालाच आठवणार नाही कुठलं कुठून घेतलं.

काकांशी भांडू नका. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा, त्यांना ते कुणी सांगितलं तेही विचारा. राजस्थानची परंपरा खूप घराण्यांत सांगतात आणि एखाद्या ठिकाणी खरी असेलही, पण चितोडपासून सलग वीस नावं आणि एकाही नावापुढं गाव नाही, साल नाही, अशी वंशावळ कुणी पैसे घेऊन दिली तर घेऊ नका. तुमच्या तक्त्यात आजोबांच्या आजोबांच्या वरची जागा आत्ता रिकामी आहे, ती रिकामीच राहू दे, पेन्सिलीनं सुद्धा भरू नका.

प्रश्न : डीएनए टेस्ट केली तर मूळ गाव कळेल का?

उत्तर : नाही. ढोबळ प्रदेश सांगतात, आणि दुसऱ्या कुणी टेस्ट केली असेल तर नातं जुळू शकतं, पण वडगावात त्यासाठी कुणीतरी टेस्ट केलेली हवी ना. ते पैसे आत्ता एसटीच्या तिकिटाला ठेवा, पौषात पालीची यात्रा असते, आजीच्या नावानं भंडारा उधळून या आणि तिथं आलेल्या वडगावच्या लोकांना विचारा.