भारतीय सांकेतिक भाषेला सरकारी मान्यता आहे का? शाळेत ती विषय म्हणून घेता येते का?

अर्धी आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यांत ही नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे, आणि ती येणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

विषय म्हणून घेता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने, म्हणजे एनआयओएसने, २०२१ मध्ये माध्यमिक स्तरावर हा भाषाविषय सुरू केला. ऐकू येणारी मुलंही घेऊ शकतात. दिल्लीच्या आयएसएलआरटीसी, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र, या सरकारी संस्थेचा १०,००० शब्दांचा कोशही त्याच वर्षी आला. तो व्हिडिओत आहे, कारण ही भाषा कागदावर मावतच नाही.

खरी अडचण कायद्यात नाही, वर्गात आहे. अनेक कर्णबधिर शाळांमध्ये वर्षानुवर्षं ओठ वाचण्यावर आणि बोलायला लावण्यावर भर राहिला. खुणा चालायच्या त्या मधल्या सुट्टीत! शिवाय बऱ्याच जणांना वाटतं की ही मराठी किंवा हिंदीच हातांनी बोलायची. तसं नाही. आपण ‘तू का रडतोस?’ म्हणतो, खुणांमध्ये ‘तू–रडणं–का’ असा क्रम लागतो, प्रश्नशब्द शेवटी, आणि अर्धा प्रश्न तर चेहराच विचारतो. शिक्षकाने मराठी वाक्याच्या क्रमाने एकेक खूण केली, तर मूल गोंधळणारच.

मुंबईत शिकायचं असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा.