सगळं मलाच विचारतात, काय करू?

प्रश्न: डिचोलीजवळ माझा काजूचा लहान कारखाना आहे, वीसेक माणसं, बहुतेक बायका. सुपरवायझर आठ वर्षं जुना, पण बॉर्म्यातून, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीतून, माल काढू की अजून ठेवू इथपासून गिऱ्हाइकाला किती डिस्काउंट देऊ इथपर्यंत सगळं फोन करून मलाच विचारतो. गेल्या चवथीला आरती चालू होती तरी फोन. ही माणसं जबाबदारी का घेत नाहीत? ट्रेनिंगला पाठवू का? - एक वाचक, डिचोली

उत्तर: ट्रेनिंगचे पैसे सध्या ठेवा. आठ वर्षं बॉर्म्याजवळ काढलेल्या माणसाला दोन गर बोटांत चोळले की साल सुटतेय की नाही ते कळतं, तुमच्याआधी कळतं. तरी तो विचारतो कारण विचारलं की चूक झाली तर ती तुमची, आणि स्वतः ठरवलं तर त्याची. मग कोण कशाला ठरवेल सांगा.

आता तुमच्याच कारखान्यात ग्रेडिंगच्या टेबलावर बघा. ३२० नंबर म्हणजे पाउंडाला, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमला, ३०० ते ३२० अख्खे गर, २४० म्हणजे २२० ते २४०, आणि दोन्हींच्या भावात चांगला फरक. तिथे बसलेली बाई एकेक गर उचलून कुठला कुठे जाणार ते नजरेनेच ठरवते, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागी वेगळा, दिवसभर हेच, म्हणजे तुमचा पैसा खरं तर तिच्या बोटांत आहे आणि तरी ती तुम्हाला एक फोन करत नाही. कारण तिला नियम माहीत आहे आणि कुठला गर कुठे जाणार यात गोंधळच नाही. सुपरवायझरला डिस्काउंटचा असा कुठला नियम दिलाय तुम्ही? बहुतेक काहीच नाही, तुमचा मूड बघून तो अंदाज करतो.

तर त्याच्यासोबत बसा आणि कागदावर लिहा. अमुक टक्क्यांपर्यंत डिस्काउंट त्याने द्यायचा, अमुक रुपयांपर्यंतची रिपेरी त्याने करून घ्यायची, त्याहून जास्त असेल तरच फोन. आणि फोन आलाच तर उत्तर द्यायचं नाही, आधी विचारायचं, 'तू काय करणार होतास?' सुरुवातीला तो गप्प बसेल, बसू दे, तुम्हीही गप्प बसा, हे मालकाला फार जड जातं हे मला माहीत आहे पण इथेच सगळं ठरतं.

चूक होणारच. टोयोटाच्या कारखान्यात काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला लाइनवरची दोरी ओढायची (हल्ली काही ठिकाणी बटण दाबायची) मुभा असते, काहीतरी गडबड दिसली की तो ओढतो, टीम लीडर तिथे येतो आणि गडबड सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून आरडाओरडा झाला असता तर परत कोणी हात लावला असता का? तुमच्याकडे एखादी बॅच जास्त भाजली तर बायकांसमोर त्याला झापू नका प्लीज, संध्याकाळी बाजूला घेऊन काय झालं ते नीट ऐका, आणि त्याचा निर्णय तुमच्यापेक्षा वेगळा पण चालण्यासारखा असेल तर तो बदलू नका. एकदा बदललात की तो कागद फुकट गेला समजा.

चवथीचं म्हणाल तर तेव्हा अचानक सोडू नका. आधी एखादा साधा दिवस पणजीला जा, फोन घरी ठेवून. परत आल्यावर त्याने काय काय ठरवलं ते त्याच्याच तोंडून ऐका, त्यात कागदावर नसलेलं जे निघेल ते लगेच लिहून घ्या.